गार्ड फ्रिक्वेन्सी (१२१.५ मेगाहर्ट्झ) आणि हौशी श्रोते

नागरी विमानांची आंतरराष्ट्रीय संकटकालीन रेडिओ फ्रिक्वेन्सी. वैमानिकांच्या बोलीत नुसते ‘गार्ड’. लष्करी विमानांची २४३ मेगाहर्ट्झ ही तिच्या बरोबर दुप्पट. विमानात दोन रेडिओ असले की एकावर नियंत्रकाशी बोलणे चालते आणि दुसरा बहुधा गार्डवर लावून ठेवलेला असतो. जीवावर बेतले तर ‘मेडे’, निकड त्याहून कमी असेल तर ‘पॅन-पॅन’, असे तीनदा उच्चारायचे. ‘मेडे’ हा शब्द १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी फ्रेंचवरून घडवला.

घरच्या संगणकावर विमान चालवणाऱ्यांना ही परिभाषा पाठ असते. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ १९८२ मध्ये आला. पण या छंदाला खरा आवाज दिला तो ‘व्हॅटसिम’सारख्या जाळ्यांनी. २००१ पासून तिथे स्वयंसेवकच नियंत्रक होतात आणि खऱ्या कार्यपद्धतीने विमाने उतरवतात. इंजिन बंद पडल्याचा सराव करता येतो, मात्र नियंत्रकाने थांबायला सांगितले की तत्क्षणी थांबावे लागते किंवा बाहेर पडावे लागते. अपहरणाचा ७५०० हा संकेत लावायला तर सक्त मनाई आहे. हे सगळे बोलणे इंटरनेटवरून जाते, त्यातले काहीही खऱ्या आकाशात पोचत नाही.

यांतले अनेक जण पुढे खरी फ्रिक्वेन्सी ऐकू लागतात. टीव्हीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी रिसीव्हरचा सर्वसाधारण रेडिओसारखा उपयोग होतो हे २०१२ च्या सुमारास उमगले आणि छंद सोपा झाला. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे ३५,००० फुटांवरचे विमान सुमारे ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येते, पण त्याला उत्तर देणारा जमिनीवरचा नियंत्रक डोंगराआड असला की कानी पडत नाही. श्रोत्याला संवादाची एकच बाजू मिळते. गार्डवर तर बहुतेक वेळ शांतताच असते. मध्येच कोणीतरी चुकीचे बटण दाबून गार्डवरच बोलून जातो. अमेरिकेत काही वैमानिक तिथे मांजराचे आवाज काढतात. ज्या वाटेने कोणी जीव वाचवायला हाक मारेल, ती थट्टेसाठी अडवणे अक्षम्य आहे.

ऐकण्याचे मोल समजते ते आपत्कालीन बीकनमुळे. विमान आदळले की हे यंत्र आपोआप चालू होते, १२१.५ वर त्याचा स्वर उंचावरून खाली घसरत, सेकंदाला दोन-चार वेळा, सायरनसारखा येत राहतो. सप्टेंबर १९८२ मध्ये कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहाने कॅनडातील अपघातग्रस्त विमानाचा असाच स्वर टिपला आणि तिघे वाचले. पण खोट्या सूचना फार येत. ऑक्टोबर २००४ मध्ये ओरेगॉनमधील कॉर्व्हालिस येथे शोधपथक संकेताच्या मागावर थेट एका विद्यार्थ्याच्या दारात पोचले. तो संकेत त्याच्या बिघडलेल्या टीव्हीतून निघत होता. १२१.५ च्या संकेतात यंत्राची ओळखच नसते. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ही फ्रिक्वेन्सी ऐकणे बंद केले आणि ओळख-क्रमांक सांगणारी ४०६ मेगाहर्ट्झ पुढे आली. नव्या बीकनमध्ये १२१.५ उरली ती शोधपथकाला जवळ आल्यावर दिशा कळावी म्हणून, क्षीण शक्तीची. मात्र जुने बीकन असलेले विमान पडले, तर ते ऐकायला वरून जाणारी विमाने आणि जमिनीवरचे कान एवढेच उरतात.

असा स्वर ऐकू आला तर वेळ, आपले ठिकाण आणि स्वराचा जोर लिहून घेऊन बचाव समन्वय केंद्राला फोनवर कळवावे; भारतात अशी केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे आहेत. स्वतः प्रक्षेपण मात्र कदापि करू नये. ऐकण्याबाबतचा कायदाही देशागणिक वेगळा: अमेरिकेत विमानांचे बोलणे ऐकण्यास मुभा आहे, तर ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेले संभाषण परवानगीविना ऐकणे गुन्हा ठरतो. त्याच ब्रिटनमध्ये खऱ्या वैमानिकांना १२१.५ वर ‘प्रॅक्टिस पॅन’ म्हणून सरावाची हाक देता येते. स्वॉनविकचे नियंत्रक तिला उत्तर देतात आणि वाट चुकलेल्या वैमानिकाला त्याची जागाही सांगतात.