ड्रुइड : लेखणी नाकारणारे ज्ञानी

ॲस्टेरिक्सच्या चित्रकथा वाचलेल्यांना पांढऱ्या दाढीचा, सोन्याचा विळा घेऊन रानात वनस्पती शोधणारा गेटाफिक्स आठवत असेल. ड्रुइड या शब्दाशी आपली ओळख बहुधा तेवढीच. इतिहासातील ड्रुइड मात्र काढे उकळणारा वैदू नव्हता. तो पुरोहित होता, आचार्य होता आणि, हे सहसा विसरले जाते, न्यायाधीशही होता. अडचण एवढीच, की ड्रुइडांनी स्वतःविषयी एकही ओळ लिहून ठेवली नाही. आज जे ठाऊक आहे, ते प्रामुख्याने त्यांच्या शत्रूंनी लिहिलेले आहे.

या साक्षीदारांत सर्वांत महत्त्वाचा ज्युलियस सीझर. आजचा फ्रान्स आणि त्याच्या आसपासचा प्रदेश म्हणजे तेव्हाचा गॉल. तेथील केल्टिक टोळ्यांशी सीझर इ.स.पू. ५८ पासून लढत होता. या युद्धाच्या वृत्तांताच्या सहाव्या भागात तो लिहितो, की गॉलमध्ये मान असलेले वर्ग दोनच : ड्रुइड आणि सरदार. सामान्य प्रजेची स्थिती जवळजवळ गुलामांसारखी होती. यज्ञबळींची व्यवस्था आणि धर्मविषयक प्रश्नांचा उलगडा ही ड्रुइडांची कामे तर होतीच. परंतु खून, वारसा, शेताच्या हद्दी असे तंटेही त्यांच्यापुढेच जात. निवाडा न मानणाऱ्याला यज्ञात येण्यास मनाई होई. या शिक्षेला आपल्याकडे नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. अशा माणसाशी कोणी बोलत नसे, त्याला न्याय मिळत नसे, मानाचे पदही मिळत नसे. हाती सैन्य नसताना ड्रुइडांचा शब्द टोळ्या मानत, त्याचे कारण या शिक्षेच्या धाकात सापडते. वर्षातून एकदा कार्नूट टोळीच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या शार्त्र शहराच्या परिसरात, पवित्र मानलेल्या स्थळी ते एकत्र बसत आणि दूरदूरचे वादी-प्रतिवादी तेथे येत.

ड्रुइडांना युद्धसेवा माफ होती, करही माफ होते. साहजिकच शिष्यांची रीघ लागे. काहींचे अध्ययन वीस वर्षे चाले आणि ते सारे पद्यरूपात, मुखोद्गत. त्यांना लिपी येत नव्हती असे मुळीच नाही; हिशेब आणि इतर व्यवहारांसाठी गॉलमध्ये ग्रीक अक्षरे वापरली जात, हे सीझरच सांगतो. विद्या तेवढी लिहायची नाही, असा दंडक होता. सीझरने त्याची दोन कारणे तर्काने दिली आहेत : विद्या सर्वसामान्यांच्या हाती पडू नये आणि लिखिताच्या भरवशावर शिष्यांची स्मरणशक्ती ढिली पडू नये. आत्मा मरत नाही, तो एका देहातून दुसऱ्यात जातो, ही त्यांची मुख्य शिकवण होती.

वेदपठणाची परंपरा ठाऊक असलेल्या वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल. शब्दातही ती आहे. ‘ड्रुइड’मधील उत्तरार्ध बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ‘जाणणे’ या अर्थाच्या मूळ धातूशी जोडतात. संस्कृतातील ‘विद्’ आणि ‘वेद’ त्याच धातूचे. पूर्वार्ध अनेकांच्या मते वृक्षवाचक आहे, आपल्या ‘द्रुम’, ‘दारू’ (लाकूड या अर्थी, देवदारूतील) या शब्दांचा सोयरा. मात्र यावरून ड्रुइड भारतातून गेले असे ठरत नाही. दोन्ही भाषाकुळांचा पूर्वज एक, एवढेच ठरते. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘ड्रुइड म्हणजे द्रविड’ हे समीकरण तर निव्वळ ध्वनिसाम्यावर उभे आहे.

गॉलमधील कालगणनेचा एक प्रत्यक्ष पुरावा मात्र जमिनीतून मिळाला आहे. १८९७ मध्ये पूर्व फ्रान्समधील कोलिन्यी येथे काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले. लिपी रोमन, भाषा गॉलिश. जुळवल्यावर निघाले पाच वर्षांचे पंचांग. साठ महिने चांद्र, आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी अडीच वर्षांनी एक याप्रमाणे दोन अधिक मास. प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडलेले आहेत. हा पत्रा रोमन राजवटीतला आहे आणि त्यावर ड्रुइडांचे नाव नाही. तरीही ताऱ्यांच्या गतीची चर्चा ड्रुइड करीत, हे सीझरचे विधान त्यामुळे पोकळ वाटत नाही.

नरबळीचा आरोप अधिक नाजूक आहे. काटक्यांच्या प्रचंड आकृतींत जिवंत माणसे कोंडून जाळत, असे सीझर लिहितो. जिंकलेल्या लोकांना रानटी ठरवणे विजेत्याच्या सोयीचे असते, हे विसरून ते वाचता येणार नाही. उलट बाजूनेही घाई नको. १९८४ मध्ये इंग्लंडच्या चेशायरमधील दलदलीत एका पुरुषाचा देह सापडला : डोक्यावर घाव, गळ्याभोवती दोरी, पोटात मिसलटोचे परागकण. मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळासारखी वनस्पती. ओकवर उगवलेली मिसलटो ड्रुइड सोन्याच्या विळ्याने कापत, असे प्लिनीने लिहिले आहे. (सोन्यासारख्या मऊ धातूने ती कशी कापली जाई, हे प्लिनीलाच ठाऊक!) हा बळी होता की खून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

नावानिशी ठाऊक असलेला गॉलचा ड्रुइड एकच म्हणता येईल : एडुई टोळीचा डिव्हिशियाकस. तो रोममध्ये मदत मागायला गेला होता आणि निसर्गज्ञान व भविष्यकथन जाणणारा ड्रुइड म्हणून त्याचा उल्लेख सिसेरोच्या ग्रंथात येतो. सीझरही त्याच्याविषयी वारंवार लिहितो, पण मित्र आणि मुत्सद्दी म्हणून. तो ड्रुइड असल्याचे एकदाही सांगत नाही.

ऑगस्टसने रोमन नागरिकांना ड्रुइडधर्म वर्ज्य केला, क्लॉडियसने तो संपवण्याचा हुकूम काढला. इ.स. ६०च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सजवळच्या मोना, आजच्या अँगल्सी, बेटावर हल्ला केला. किनाऱ्यावर हात उंचावून शाप देणारे ड्रुइड पाहून सैनिक क्षणभर गोठले, असे टॅसिटस लिहितो. नंतर त्यांची पवित्र राई तोडण्यात आली. स्टोनहेंजशी त्यांचे नाते सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज हौशी संशोधकांनी जोडले. ते दगड ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी जुने आहेत.

रोमन सत्ता आयर्लंडपर्यंत पोहोचली नाही. तेथे ड्रुइडांना मागे सारले ते ख्रिस्ती धर्माने, आणि त्यांच्या कथा लिहून ठेवल्या त्याही ख्रिस्ती मठांतच. राजाआधी प्रजेने बोलायचे नाही आणि ड्रुइडाआधी राजाने बोलायचे नाही, असा अल्स्टरच्या दरबाराचा दंडक त्या कथांत येतो.