चौथी खुर्ची : तिन्य गावाची कहाणी

फ्रान्सच्या आग्नेयेस, इटलीच्या सरहद्दीलगत, इझेर नदीच्या अगदी वरच्या खोऱ्यात तिन्य नावाचे गाव आहे. ‘आहे’ म्हणावे की ‘होते’ म्हणावे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रवाशांना ठाऊक असलेले तिन्य सुमारे २,१०० मीटर उंचीवर, एका नैसर्गिक सरोवराच्या काठी वसले आहे. तेथे उंच इमारती आहेत, बर्फावरून घसरण्याचे खेळ आहेत. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धाही तेथेच झाल्या. परंतु ज्या गावाचे हे नाव, ते मूळ गाव खाली खोऱ्यात होते. १९५२ पासून ते पाण्याखाली आहे.

जुन्या गावाचे जिणे कष्टाचे होते. दगडी भिंती, वर दगडी पाट्यांचे छप्पर. हिवाळा इतका दीर्घ की माणसे गोठ्यातील गुरांच्या उबेने थंडी काढीत. उन्हाळा लागला की गुरे वरच्या कुरणांवर चढत आणि दुधाचे चीज करून पुढच्या हिवाळ्याची बेगमी होई. बर्फाच्या दिवसांत हाताला काम नसे. म्हणून साव्हॉय प्रांतातील पुरुष, आणि पुष्कळदा कोवळी मुलेही, पॅरिस-लिआँकडे धुराडी झाडण्यास अन् ओझी वाहण्यास जात. हा प्रांत फ्रान्समध्ये सामील झाला तोच मुळी १८६० साली. आगगाडी १९१३ मध्ये बूर-सँ-मोरीसपर्यंत पोहोचली. तेथून पुढे मात्र चढणच. १९३७ मध्ये इझराँ खिंडीचा रस्ता खुला झाला आणि या बाजूने आल्प्स ओलांडून जाणाऱ्या मोटारी तिन्यच्या वाटेने धावू लागल्या.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्स अंधारात होता. कारखान्यांना वीज नव्हती, घरांना कोळसा नव्हता. ८ एप्रिल १९४६ च्या कायद्याने वीजधंदा खाजगी कंपन्यांकडून काढून राष्ट्राच्या मालकीचा करण्यात आला. हा कायदा आणणारे मंत्री मार्सेल पॉल हे स्वतः वीजकामगार, कामगारसंघाचे पुढारी आणि नाझींच्या छळछावणीतून जिवंत परतलेले देशभक्त. आमच्यासारख्या, उभा जन्म संघटनेत घातलेल्या माणसांना या घटनेचा अभिमान वाटावा यात नवल नाही. नव्या संस्थेच्या संचालक मंडळावर सरकार, कामगार आणि ग्राहक अशा तिघांना खुर्च्या मिळाल्या. केवढी मोठी गोष्ट ती!

परंतु याच संस्थेने १९४७ च्या सुमारास तिन्यच्या खालच्या अंगाला धरणाचे काम हाती घेतले. आंद्रे कुआन या नामांकित अभियंत्याने आखलेली ती कमानदार भिंत १६० मीटर उंच. मागे सुमारे तेवीस कोटी घनमीटर पाणी. हजारो मजूर कडाक्याच्या थंडीत राबले, कित्येकांचे प्राण गेले. गावकऱ्यांनी विनवण्या केल्या, न्यायालयाची पायरी चढली. सारे निष्फळ ठरले. १९५२ च्या वसंतात दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागले, तरी काही माणसे घर सोडीनात. शेवटी सशस्त्र पोलीस आले. पूर्वजांची थडगी उकरून हलवली गेली, आणि गाव सुरुंगांनी उडवून दिले गेले. पुढच्या वर्षी जुलैत राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरिओल यांनी धरणाचे उद्घाटन केले.

येथे आम्हांला थांबून विचार करावा लागतो. वीज हवी होती, हे खरे. ती कोणा भांडवलदाराच्या नफ्यासाठी नव्हती, हेही खरे. मग काय चुकले? आमच्या संघटनेत एक जुना हिशेब आहे : संप जिंकला की नाही, हे पुढाऱ्याच्या हारतुऱ्यांवरून ठरत नाही, सर्वांत कमी पगाराच्या झाडूवाल्याच्या पदरात काय पडले, यावरून ठरते. त्या मापाने तिन्य मोजले तर काय दिसते? नुकसानभरपाई मिळाली, वर ब्वास येथे नवी वस्ती झाली, जुन्या देवळाची हुबेहूब प्रतिकृतीही उभी राहिली. पण पुष्कळ कुटुंबे पांगली. शेजार मोडला, तो कोणत्याही रकमेने जुळला नाही. पुढे वरच्या सरोवराकाठी खेळांचा धंदा बहरला व तिन्यला सुबत्ता आली. पण ही सुबत्ता पाहण्यास जे गावात उरलेच नाहीत, त्यांना तिचा काय उपयोग?

त्या मंडळावर तीन खुर्च्या होत्या. ज्याची जमीन बुडणार, त्याच्यासाठी चौथी खुर्ची नव्हती. मालक बदलला म्हणजे न्याय आपोआप होतो, हा समज सोडून दिला पाहिजे. पुष्कळांचे हित हा पवित्र शब्द आहे. पण मूठभरांना न विचारता तो उच्चारला की त्याला जुन्या जमीनदाराचा सूर येतो.

धरणाच्या तपासणीसाठी २००० साली हा तलाव रिकामा करण्यात आला. तेव्हा चिखलातून जुन्या गावाचे अवशेष वर आले, आणि एकेकाळी तेथे नांदलेली माणसे ते पाहण्यास काठावर येऊन उभी राहिली. वीज आजही तयार होते आहे. तिचा हिशेब मांडताना ही माणसेही जमेस धरावीत, एवढेच आमचे मागणे आहे.