कापसाचा बाजार आणि कराचा भार

आजचा यवतमाळ जिल्हा वणी या नावाने ओळखला जात असताना, १८९७ साली, हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अमलाखालील वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा अस्तित्वात आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणारे दलाल आणि मापात मारणारे मापाडी यांना त्याने काहीसा लगाम घातला. तथापि बाजार समितीत प्राबल्य व्यापाऱ्यांचेच राहिले, आणि ज्याच्या घामावर तो बाजार उभा होता त्या कुणब्यास तेथे आवाज नव्हता, हे त्या कायद्याचे मोठे वैगुण्य मानले पाहिजे.

पुढे १९६३ चा बाजार समिती कायदा आला, १९७२ साली राज्य सरकारची कापसाची एकाधिकार खरेदी आली. बाजाराच्या या नियमांत पुढे कराचाही प्रश्न येऊन मिळाला.

वस्तू व सेवा कराच्या राजवटीत, नोव्हेंबर २०१७ पासून, शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने पाच टक्के कर स्वतः भरावा, अशी उलट आकारणी लागू झाली. शेतकऱ्यास नोंदणीतून मुक्त ठेवणारी ही तजवीज मला न्याय्य वाटते. मात्र जिनिंगच्या फाटकाशी गाडी उभी असताना तोच भार बोलीतून वजा होतो की काय, हे बाजार समितीने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.