लिहिण्यापुरतं इंग्रजी

मराठी शाळेतल्या पोराला ताप आला की तो रजेचा अर्ज लिहायचा. ‘सर, आय बेग टु स्टेट’ इथून सुरुवात, ‘युअर मोस्ट ओबीडियंट प्यूपिल’ इथे शेवट आणि मधे कुठेतरी ताप. अर्ज बिनचूक असायचा. त्याच पोराला वर्गात उभं करून ‘काय होतंय रे तुला?’ असं इंग्रजीत विचारलं, तर तोंडातून अक्षर फुटत नसे. कराडच्या बाजूला हायस्कूलवर मी उमेदीची सगळी वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे पुष्कळ पाहिलंय. लोक म्हणतात, मास्तर कमी पडले नाहीतर पोरं लाजरी. मला दोन्ही पटत नाही. रोजच्या बोलण्याचं इंग्रजी शिकवायचं असं आपल्याकडे दीडशे वर्षं कुणी ठरवलंच नव्हतं.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारला कागद चालवणारी माणसं हवी झाली. मराठीतला अर्ज इंग्रजीत करायचा, इंग्रजीतला हुकूम मराठीत उतरवायचा, एवढं ज्याला जमलं त्याची नोकरी पक्की. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ काढला, तोही एका पानावर दोन रकाने करून, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. पुढे मेकॉलेचा १८३५चा लेख, वुडचा १८५४चा खलिता वगैरे झालं, ते सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मते आमच्या वर्गावर खरा परिणाम झाला तो १८५७च्या मुंबई विद्यापीठाचा. मॅट्रिक आली, मॅट्रिकचा पेपर आला आणि शाळा त्या पेपरच्या मागे चालू लागली. पेपर लिहायचा असतो. तोंड उघडण्याला त्यात मार्क नव्हते.

या शाळेचं खरं पुस्तक म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. रचना अगदी सरळ: आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्यं इंग्रजीत करा, मग इंग्रजी वाक्यं मराठीत करा. वाक्यांना एकमेकांशी देणंघेणं नाही. एका ओळीत राजा, दुसरीत कुणाची तरी गाय, तिसरीत न्यायाधीश. पुढच्या पिढ्या या वाक्यांना हसल्या. मी हसत नाही, कारण माझ्या वडिलांची, अण्णांची प्रत माझ्याकडे आहे. कव्हर गेलंय, शिवण दोनदा घातलेली. ‘नाइफ’ या शब्दातल्या पहिल्या अक्षरावर पेन्सिलीने काट मारलीय आणि वर देवनागरीत उच्चार लिहिलाय. समासात ‘शॅल’ आणि ‘विल’ कुणाला कधी लावायचं याचा तक्ता. शेवटच्या पानावर धान्याचा हिशेब. शिकवणी नाही, डिक्शनरी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. एकट्याने बसून, मास्तराशिवाय, कंदिलाजवळ शिकता येईल असं पुस्तक हवं होतं, आणि ते हे होतं.

त्या पुस्तकाच्या जोरावर अण्णा कोयना प्रकल्पाच्या ऑफिसात कारकून झाले. त्यांचा इंग्रजी मसुदा साहेब खाडाखोड न करता सही करून पाठवत. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर परदेशी तज्ज्ञ पाहणीला आले, तेव्हा त्यांचे कागद अण्णांनीच लावले होते. समोरासमोर मात्र ‘येस सर’च्या पुढे गाडी गेली नाही. आईने विचारलं, ‘अहो, एवढं इंग्रजी येतं ना तुम्हाला?’ अण्णा म्हणाले, ‘मला त्यांचं लिहिलेलं कळतं, बोललेलं नाही.’

नुसत्या नोकरीसाठीच लोक इंग्रजीकडे वळले, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४च्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं, ते ब्राह्मणी विद्येच्या कोंडीतून बाहेर पडायला. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर जानेवारी १८८०मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत सुरू केला. हेतू मोठे होते, पण तेही वाचायचे, लिहायचे आणि सरकारशी वाद घालायचे. दुकानात साबण मागण्याचा प्रश्न कुणापुढे नव्हता. साबण मराठीतच मिळत होता.

पुढे रेन आणि मार्टिनचं व्याकरण आलं. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि फ्रेंच फॉरीन लीजनवरची ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्यांचीच. असा चटपटीत संवाद लिहिणारा माणूस, आणि आमच्या पोरांना त्याच्याकडून मिळालं काय, तर व्हॉइस बदला, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा!

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजी आठवीत ढकललं. माझ्या वेळी ते पाचवीत आलेलं होतं. चाररेघी वही, ‘जी’ आणि ‘वाय’चं शेपूट खालच्या रेघेला टेकलंच पाहिजे, नाहीतर हातावर पट्टी. बाकी ‘मे आय कम इन, सर?’ हे आमचं एकमेव बोलीभाषेतलं इंग्रजी, आणि तेही दारातच संपायचं. बोलायची गरज ओळखली ती बाजाराने. रॅपिडेक्सचं जाडजूड पुस्तक एसटी स्टँडवर मिळू लागलं, जाहिरातीत कपिल देव. गल्लीबोळांत ‘फाडफाड इंग्रजी’चे क्लास निघाले. सरकारला जाग आली २००० साली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. ओरड पुष्कळ झाली, पण मला तो निर्णय योग्य वाटला आणि अजूनही वाटतो, कारण सहा वर्षांचं मूल चुकायला लाजत नाही. पाचवीत बसणारी पोरं आधी चुकीला घाबरायला शिकलेली असत.

तर्खडकरांची जुनी प्रत घरात माळ्यावर सापडली, तर रद्दीत घालू नका. नवी आवृत्ती बाजारात मिळेल, पण पेन्सिलीने लिहिलेले उच्चार तिच्यात नसतील. आणि त्या पुस्तकावर पोरं इंग्रजी कशी शिकली, हे सरकारच्या कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नाही. म्हणून ती प्रत गावच्या वाचनालयाला द्या, आणि आत शिकणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहून द्या.