मुसळ, डाग आणि खांद्याची कड



एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळला, की आपण त्या बाईला नाजूक हाडाची म्हणून मोकळ्या होतो. पण हे दुखणं फार जुनं आहे, आणि त्याचं खरं कारण माणसाला फार उशिरा कळलं.

सुश्रुतसंहितेत उपाय दिलाय, तो आपल्या घरातल्या मुसळाचा! काखेत मुसळ घालून काख वर उचलायची, सांधा बसला की स्वस्तिकासारखी पट्टी बांधायची. ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य काखेत टाच रोवून हात ओढत. खांदा वारंवार निखळणारी माणसं त्यांनीही पाहिली होती. काही जण दुसऱ्या हाताची मूठ काखेत घालून तो स्वतःच बसवत. अशांच्या काखेत ते तापल्या लोखंडाने डाग देत. व्रण आकसला की हाड निसटणार नाही, ही त्यामागची कल्पना.

म्हणजे खांदा बसवणं जमत होतं, पण तो टिकत का नाही, हे कळत नव्हतं. १९०६ मध्ये जर्मनीच्या पेर्थेस यांनी आणि १९२३ मध्ये इंग्लंडच्या बँकार्ट यांनी ते दाखवलं. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्याभोवती कूर्चेची कड असते. खांदा निखळताना ही कड बहुतेक वेळा पुढून सुटते. हाड जागेवर बसलं, तरी कड सुटलेलीच राहू शकते. मग वाट मोकळीच!

यातून आपण काय घ्यायचं? निखळलेला खांदा घरी ओढू नका. नस दुखावते, हाडही मोडू शकतं. हात आहे तसा ओढणीच्या झोळीत ठेवून दवाखान्यात जा, एक्स-रे काढा. बोटं बधिर किंवा गार पडली, तर क्षणभरही थांबू नका. बसवल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस झोळी ठेवा, मग शिकवलेले व्यायाम रोज करा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावर हंडा चढवणं, माळ्यावरचं ओझं काढणं घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. पहिल्यांदा निखळताना वय विशीच्या आत असेल, तर पुन्हा निखळण्याचा धोका जास्त. फिट येत असतील, तर तेही सांगा.

तरीही निखळत राहिला, तर सुटलेली कड पुन्हा शिवता येते. आता हे दुर्बिणीतूनही होतं. तेव्हा 'नशीबच असं' म्हणून गप्प बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना विचारा, "माझ्या खांद्याची कड सुटलीय का?"