मदतीची मुदत आणि बेकारीचा काळ : गिरणगावातील कामगार कुटुंबांच्या निर्वाहाचा इतिहास (१९८२–२०१२)

गोषवारा

मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपाविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई वा पुनर्वसन निधी यांतून हाती आलेली रक्कम संपल्यानंतर बेकार कामगारांची कुटुंबे कशी जगली, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात या उत्तरकाळाचा विचार केला आहे. शासनाने मदतीला मुदत घातली, पण बेकारीला मुदत नव्हती. मुदतीनंतरचा भार गाव, चाळ आणि मुख्यतः स्त्रियांचे श्रम यांनी वाहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : गिरणगाव, दीर्घकालीन बेकारी, पुनर्वसन निधी, खाणावळ, स्त्रियांचे श्रम, घराचा हक्क.

प्रस्तावना

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा देणारा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम रद्द करणे, या प्रमुख मागण्या होत्या. हा संप औपचारिकरीत्या कधीही मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने ताब्यात घेतले. इतर अनेक गिरण्या अंशतः सुरू झाल्या, काही सुरूच झाल्या नाहीत, आणि हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही.

संपाचा इतिहास बहुधा येथे थांबतो. कामगाराच्या कुटुंबाचा मात्र यापुढे एक दीर्घ कालखंड सुरू झाला. पुढे स्वेच्छानिवृत्ती आणि गिरण्यांच्या कायमच्या बंदीमुळे बेकार झालेल्यांची त्यात भर पडत गेली. या कालखंडाचे प्रारंभबिंदू अनेक असले, तरी त्यातील प्रश्न एकच आहे : हातातील शेवटची रक्कम संपल्यावर काय?

१. तौलनिक संदर्भ : मारियेनथाल

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने प्रथम विचारला गेला तो ऑस्ट्रियातील मारियेनथाल या वसाहतीत, आणि तीही कापड उद्योगावर जगणारी वसाहत होती. तेथील कारखाना १९२९-३० मध्ये बंद पडला. सुमारे ४७८ कुटुंबांच्या या वस्तीचा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियात विमाधिष्ठित बेकारी भत्ता होता. तो संपल्यावर तुलनेने कमी रकमेची तातडीची मदत मिळे आणि तीही संपल्यावर काहीच मिळत नसे. अभ्यासकांनी कुटुंबांची चार गटांत विभागणी केली : खंबीर, समाधान मानून घेणारी, निराश आणि उदासीन. या गटांचे माणशी मासिक उत्पन्न अनुक्रमे ३४, ३०, २५ व १९ शिलिंग भरले. मनोधैर्य हा केवळ स्वभावाचा भाग नसून मदतीच्या पायरीशी त्याचा थेट संबंध होता, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

आणखी दोन निरीक्षणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहेत. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. तसेच पुरुषांचा दिवस रिकामा झाला, पण स्त्रियांचा झाला नाही. कमी पैशांत तेवढेच घर चालवण्याचे काम वाढलेच. या दुसऱ्या निरीक्षणाचा गिरणगावाच्या संदर्भात पुढे विचार केला आहे.

२. मदतीची कायदेशीर चौकट

भारतीय कामगाराला बेकारी भत्ता नव्हता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपण, प्रसूती व अपघात यांना संरक्षण दिले. बेकारीला दिले नाही. त्या योजनेत बेकारी भत्त्याची सोय राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने झाली ती २००५ मध्ये. तत्पूर्वी कामगाराच्या हाती येत ते एकरकमी पैसे : १९५२ च्या कायद्यान्वये भविष्यनिर्वाह निधी, १९७२ च्या कायद्यान्वये ग्रॅच्युइटी आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमान्वये कपातीची भरपाई. शेवटच्या दोहोंचा हिशेब सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाचा होता. म्हणजे वीस वर्षे साच्यावर किंवा मागावर उभ्या राहिलेल्या कामगाराला दोन्ही रकमा वेळेवर मिळाल्या असे गृहीत धरले, तरी त्या दोन वर्षांच्या वेतनाहून कमीच भरतात. मुळात बेकायदेशीर ठरवल्या गेलेल्या संपात सहभागी झालेल्या कामगाराच्या सेवेची सलगता हाच वादाचा मुद्दा होऊ शकत होता, आणि ज्यांना रोज सकाळी दरवाजावर हजेरी देऊन काम मागावे लागे त्या बदली कामगारांना ती सिद्ध करणे त्याहून अवघड होते.

१९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाला अनुसरून १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना लागू झाली. कायमच्या बंद झालेल्या गिरणीतील पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य देण्याची तीत तरतूद होती. तीन वर्षांची बेरीज केली तर हे साहाय्य दीड वर्षाच्या वेतनाइतके होते. या उतरत्या पायऱ्यांमागील गृहीतक स्पष्ट आहे. तीन वर्षांत कामगार दुसऱ्या रोजगारात स्थिरावेल, म्हणून गरज कमी कमी होत जाईल, असे योजनाकारांना अभिप्रेत होते. प्रत्यक्षात संघटित वस्त्रोद्योगच आकुंचन पावत होता. चाळिशीतील विणकराचे कौशल्य ज्या यंत्रमागावर उपयोगी पडू शकत होते, तो भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग गिरणीच्या तुलनेत बराच कमी मोबदला देत होता. त्यामुळे कुटुंबाची गरज तशीच राहिली आणि मदत मात्र ठरल्याप्रमाणे उतरत गेली.

योजनेचा दुसरा अडसर ‘कायमची बंद’ या शब्दांत होता. गिरणी कायद्याच्या दृष्टीने बंद होण्यासाठी शासनाची परवानगी किंवा न्यायालयीन अवसायकाची नेमणूक आवश्यक होती. मुंबईतील अनेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते, पण कागदोपत्री त्या बंद नव्हत्या. अशा गिरणीचा कामगार ना कामावर होता, ना कायद्याच्या अर्थाने बेकार.

येथे एका विसंगतीचा उल्लेख आवश्यक आहे. महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी अधिनियम करून ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला कामाची हमी दिली होती आणि काम न मिळाल्यास अल्प का होईना, भत्त्याचे तत्त्व मान्य केले होते. त्याच राज्याच्या राजधानीतील औद्योगिक कामगाराला अशी हमी नव्हती, कारण तो संघटित व म्हणून सुरक्षित मानला गेला होता.

३. गाव : आधार आणि त्याची मर्यादा

मदत संपल्यावर पहिला आधार गावाचा होता. मुंबईचा गिरणी कामगार आरंभापासून दोन ठिकाणी जगत आला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आणि घाटावरील सातारा, कोल्हापूर आदी भागांतून आलेला पुरुष गाळ्यात गाववाल्यांसोबत राहात असे, आणि बायको-मुले व जमिनीचा तुकडा गावी असे. गिरणीमालकांना याचा लाभ होता. आजारपण, वार्धक्य व बेकारी यांचा खर्च गाव सोसत असल्याने वेतनातून तो भरून द्यावा लागत नसे. राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनाने गाव व शहर यांचे हे परस्परावलंबन अधोरेखित केले आहे. संपकाळातही ग्रामीण भागातून धान्य आले आणि असंख्य कामगार गावी गेले म्हणूनच संप इतका लांबू शकला.

तथापि, काही महिन्यांच्या संपाला पुरणारे गाव आयुष्यभराच्या बेकारीला पुरणारे नव्हते. कोकणातील तुकड्यातुकड्यांची शेती मनिऑर्डरवर उभी होती. शेतीतून मनिऑर्डर निघत नव्हती. पैसे पाठवणारा हात खाणारे तोंड होऊन परतला, तेव्हा घरातील त्याचे स्थानही बदलले. शिवाय दोन पिढ्या मुंबईत वाढलेल्या कुटुंबांना परतण्यासारखे गाव उरलेच नव्हते. मुलांच्या शाळा, आजारी वडीलधाऱ्यांची औषधे आणि न्यायालयातील थकबाकीचे दावे त्यांना शहराशी बांधून ठेवत होते.

४. खाणावळ, उधारी आणि स्त्रियांचे श्रम

दुसरा आधार घरातील स्त्रियांच्या श्रमाचा होता. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या पुरुषांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळी बहुधा कामगारांच्या बायका किंवा विधवा चालवीत. सावकारी पाशातून या खाणावळवाल्यांची सुटका व्हावी, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, या हेतूने प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. महिन्याच्या पगारावर फिटणारी उधारी हा या व्यवसायाचा पाया होता. पगार थांबल्यावर खाणावळवालीने काही काळ उधारीवर जेवू घातले, म्हणजेच संपाला व त्यानंतरच्या बेकारीला तिने बिनव्याजी कर्जच पुरवले. या कर्जाची नोंद कोणत्याही शासकीय अहवालात येत नाही. गिऱ्हाईक गावी निघून गेल्यावर तिचा व्यवसाय मोडला. पण गिरणीची कामगार नसल्याने तिला ना भरपाई होती, ना निधी.

येथे मारियेनथालशी साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. पुरुषाचा दिवस रिकामा झाला आणि स्त्रीचा अधिक भरला, हे साम्य. भेद असा की, ऑस्ट्रियातील त्या वस्तीत कुणालाच फारसे काम मिळत नव्हते, तर मुंबईत असंघटित कामाचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो जगता येईल अशा मोबदल्याचा. धुणीभांडी, पोळीभाजी, शिवणकाम, घरी आणलेले नगावर मजुरीचे काम यांतून स्त्रियांनी रोजचा खर्च भागवला. कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या; पुढे त्यांना क्रमाक्रमाने बाहेर काढले गेले. ज्या उद्योगाने स्त्रियांना आधी दूर सारले, त्याच उद्योगाच्या पडझडीचा खर्च नंतर त्यांच्या श्रमातून वसूल झाला, ही गोष्ट इतिहासकाराने नजरेआड करू नये.

पुरुषांनीही पहारेकऱ्याची नोकरी, भाजीची गाडी, हमाली अशी मिळतील ती कामे केली. परंतु कायम कामगार म्हणून मिळालेली ओळख गमावण्याचे दुःख उत्पन्नाच्या आकड्यात मावत नाही. मुलगे शाळेतून बाहेर पडले. काही गुन्हेगारी टोळ्यांकडे ओढले गेले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने अशा कुटुंबाच्या विघटनाचे चित्रण केले, आणि त्यावर आधारित ‘लालबाग परळ’ हा चित्रपट २०१० मध्ये आला.

५. खोली : शेवटचे भांडवल

गाव अपुरे पडल्यावर आणि दागिने गहाण पडल्यावर कुटुंबाजवळ उरे ती चाळीतील खोली. पागडीने घेतलेल्या खोलीचे मूल्य बेकारीच्या काळात वाढत होते, कारण गिरण्यांच्या जमिनीचेही मूल्य वाढत होते. खोली विकून कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे जाणे हा अनेकांनी पत्करलेला मार्ग होय. त्यातून कर्ज फिटले, मुलीचे लग्न झाले. पण त्याचबरोबर वाण्याची उधारी, शेजाऱ्यांचा आधार, भिशी, ग्रामस्थ मंडळाची खोली आणि जवळपास मिळणारे घरकाम यांचे जाळेही सुटले. एकरकमी पैशाच्या मोबदल्यात दररोजची सुरक्षितता गेली. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेबाबतही बहुतांशी असेच घडले.

६. मागणीचे बदलते स्वरूप

२ ऑक्टोबर १९८९ रोजी स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली प्रथम बंद गिरण्या सुरू करण्याची मागणी केली. पुढे भर थकबाकीवर आला आणि शेवटी घरावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरणीच्या जमिनीचा वाटा सार्वजनिक मोकळी जागा व गृहनिर्माण यांना मिळण्याची शक्यता निर्माण केली होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले; २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती.

‘काम द्या’ येथून ‘घर द्या’ येथवरचा हा प्रवास माघार म्हणून पाहिला जातो. तो निराळ्या दृष्टीनेही पाहता येईल. रोख मदत संपते, हे वीस वर्षांत कामगारांनी अनुभवले होते. जमिनीतील वाटा मागणे म्हणजे न संपणारी मदत मागणे होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) मदतीच्या सर्व तरतुदींनी बेकारी हा दोन नोकऱ्यांमधील अल्पकाळ मानला. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही आयुष्यात एकदाच व कमाल ९० दिवसांचा विचार करून आखली गेली, यावरून हे गृहीतक किती चिवट आहे ते दिसते.

२) मदतीनंतरचा काळ कुटुंबांनी ‘निभावला’ असे म्हणताना तो कोणाच्या श्रमावर निभावला, हे सांगणे आवश्यक आहे. खाणावळवाली, घरकाम करणारी गृहिणी आणि गावी शेती सांभाळणारी स्त्री या त्या काळातील खऱ्या विमा-संस्था होत्या. त्यांना हप्ता कोणी दिला नाही.

३) मारियेनथालच्या बेकारांची मनःस्थिती शिलिंगात मोजली गेली आणि वेळीच नोंदवली गेली. मुंबईत नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासासारखे (२००४) मोलाचे काम झाले असले, तरी गावी परतलेल्या कुटुंबांचा इतिहास अद्याप विखुरलेला आहे. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते, खाणावळींचे हिशेब आणि उधारीच्या वह्या माळ्यावरून रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावयास हवी. कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे, कारण त्यांच्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी हा इतिहास सांगणारी माणसे अजून आहेत.