कृपासदन

सन १८९१ आणि १९०१ च्या शिरगणतीचे आकडे शेजारी ठेवले, तर आमच्या बालाघाट जिल्ह्याची वस्ती त्या दहा वर्षांत जवळपास १५ टक्क्यांनी घटलेली दिसते. मध्यंतरी १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. पहिल्या दुष्काळात पुण्याहून एक विधवा बाई मध्य प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुलखात आल्या आणि निराधार मुली व बायका सोबत घेऊन गेल्या. त्या पंडिता रमाबाई. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले होते.

पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. तिथेच पुढे मुक्तिसदन उभे राहिले. निराधार बायकांपैकी काहींवर पोटापायी नको ती पाळी आलेली असे. अशांना कोणत्या गावाने पुन्हा घरात घेतले असते? रमाबाईंनी त्यांच्यासाठी निराळे घर उभारले आणि त्याला नाव दिले 'कृपासदन'. कीर्तनात आपण रोज ऐकतो तोच हा शब्द. ख्रिस्ती मराठीतही तो रुळला आहे, आणि पात्रता न पाहता जे मिळते ते, असाच त्याचा तिथे अर्थ आहे.

या घराचे मूळ इंग्लंडात आहे. १८८३ साली रमाबाई वाँटेजच्या भगिनींकडे राहत असताना त्यांना लंडनजवळच्या फुलम येथे नेण्यात आले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे आश्रम होता. त्यांतल्या काही जणी आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना अशा स्त्रियांसाठी सांगितलेले दंड ठाऊक होते; ही माया त्यांनी कुठे पाहिली नव्हती. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी भर दुपारी विहिरीवर आलेल्या त्या बाईकडे येशूने पाणी मागितले. आपल्याकडच्या वाचकाला याचा अर्थ फोडून सांगायला नको. तिला पाच नवरे झाले होते, आणि आता ज्याच्याबरोबर ती होती तो तिचा नवरा नव्हता. येशूने हे तिला बोलून दाखवले, मात्र तिला हाकलले नाही. घागर तिथेच टाकून ती गावात सांगायला गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

गंमत अशी, की स्वतः रमाबाईंच्या वाट्याला न्यायनिवाडाच अधिक आला. धर्ममताविषयी त्या प्रश्न विचारीत, तर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. इकडे पुण्यात शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात म्हणून १८९३ साली काहूर उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत, हे खरे होते.

एक शंका मात्र राहतेच. कृपाच करायची, तर घर निराळे कशाला? कदाचित इतर मुलींच्या पालकांची समजूत घालायची असेल, कदाचित त्या बायकांनाच काही काळ आडोसा हवा असेल. शाळा चालवणाऱ्याला ही अडचण कळते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दहावीतल्या एका मुलीविषयी गावात बोलवा उठली. तिचे वडील दाखला न्यायला आले. मी त्यांना काहीच विचारले नाही, थोडे थांबा असेही म्हटले नाही. छापील हिंदी नमुन्यातल्या 'शाला छोड़ने का कारण' या रकान्यात 'पालक की इच्छा से' असे लिहिले आणि सही केली. मुलगी दाराबाहेर व्हरांड्यात उभी होती.